माळाला झाडं नकोत

आमच्या गावच्या गायरानावर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा खड्डे घ्यायचं ठरतंय. खड्ड्यात रोपं, भोवती तारेचं कुंपण, फाट्यावर फलक. हेतू चांगला आहे, माणसं आपलीच आहेत, त्यामुळे नको म्हणणं जड जातं. पण मी जनावरांची डॉक्टर आहे. या जिरायत पट्ट्यात माझी निम्मी नोकरी गेली आणि हा माळ मला कळला तो मेंढरांच्या मागे हिंडून. म्हणून माळ म्हणजे काय, तो कधीपासून आहे आणि तिथे झाडं का लावू नयेत, हे एकदा नीट लिहून काढते.

गाव बारामती-इंदापूरच्या जिरायत अंगाला. खाली नीरा डावा कालवा जातो. १८८५ साली त्याला पाणी सुटलं आणि कालव्याखालच्या गावांचं नशीब फिरलं. तिथे आज नजर पोचेल तिथवर ऊस. कालव्याचं पाणी जिथे चढत नाही तिथून आमची हद्द सुरू होते. पावसाळी ढग सह्याद्रीवरच रिकामे होतात, आमच्याकडे येतो तो उरलासुरला पाऊस: वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही सलग नाही. मृगात एक झड लागते, मग तीन-तीन आठवडे उघडीप. माळावर पहार मारली की वीतभर माती निघते, मग मुरूम, मग काळा पाषाण. हा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. एवढ्या मातीत आणि एवढ्या पावसात जे जोमानं येतं ते गवत. मधून एखादा हिवर, एखादी बोर, तरवडाचं झुडूप, ओघळीच्या कडेला बाभळ. बाकी सगळं मोकळं आभाळ.

उन्हाळ्यात हा माळ पाहिलेल्या माणसाला तो मेलेला वाटतो, यात त्याचा दोष नाही. एप्रिल-मेमध्ये गवताची मुळं तेवढी जिवंत असतात, वर पिवळा भुसा. पण त्याच दिवसांत दगडावर सरडे चढून बसतात. नराच्या गळ्याखाली निळी, काळी, नारिंगी पिसाऱ्यासारखी त्वचा असते. ती तो उघडतो, मिटतो, शेजारच्या दगडावरच्या नराला दाखवतो. २०१६ साली शास्त्रज्ञांनी या सरड्यांची वेगळी प्रजाती (इंग्रजीत जीनस) मांडली आणि तिचं नावच ‘सरडा’ ठेवलं. माळटिटवी उघड्या खड्यांत अंडी घालते, धाविकही तसाच, आणि ती अंडी पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. घरटं बांधायला त्यांना झाड लागत नाही. उलट झाड आलं की त्यावर कावळा आणि घार येऊन बसते, खालची अंडी तिला वरून दिसतात, आणि टिटवीचा तो हंगाम गेलाच म्हणायचा.

पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांत रंग पालटतो. आमच्या दवाखान्याची धावपळ तेव्हाच असते, कारण कोवळ्या गवतावर मेंढरं तुटून पडतात आणि आंत्रविषारानं, म्हणजे आतड्यात विष तयार होणाऱ्या रोगानं, धडधाकट जनावर संध्याकाळपर्यंत आडवं होतं. लस त्याआधी टोचावी लागते. म्हणून जूनच्या तोंडाला मी बर्फाची पेटी घेऊन वाड्या-वाड्यांवर फिरत असते. धनगरांचा वाडा म्हणजे चार-सहा बिऱ्हाडांची मेंढरं एकत्र, वाघरीच्या जाळ्यात बसवलेली, बाजूला घोडी, कोंबड्या, पोरं. लस टोचून झाली की चहा होतो आणि मग गवताच्या गोष्टी निघतात. माळाबद्दल मला जे काही येतं, त्यातलं निम्मं त्या चहावर शिकलेलं आहे.

पवन्या आणि मारवेल ही मेंढराच्या आवडीची गवतं. चराई फार झाली की तीच आधी संपतात आणि त्यांच्या जागी कुसळी पसरते. कुसळीला लोक फार शिव्या देतात, पण श्रावण-भाद्रपदात ती कोवळी असताना मेंढरू तीही आवडीनं खातं. अडचण येते आश्विनात. तेव्हा तिला तांबूस काळपट कुसळं धरतात आणि संध्याकाळच्या उन्हात सगळा माळ तांब्याच्या रंगाचा होतो. एक कुसळ चिमटीत धरून बघा. खाली सुईसारखं टोक, टोकावर मागे वळलेले बारीक केस, आणि वर लांब शेपूट. ही शेपटी कोरड्या हवेत दोरीसारखा पीळ घेते. तळहातावर ठेवून तिच्यावर पाण्याचा एक थेंब सोडला की पीळ उलटा सुटायला लागतो आणि सगळं कुसळ हातावर वळवळतं. रात्रीच्या दवानं पीळ सुटतो, दिवसाच्या उन्हानं पुन्हा भरतो. या रोजच्या फिरण्यानं टोक जमिनीत घुसत जातं, आणि मागे वळलेले केस त्याला परत निघू देत नाहीत. बी स्वतःला स्वतः पेरतं. लोकरीत अडकलेलं कुसळ मात्र हेच सगळं मेंढराच्या कातडीत करतं. हिरडीत, पापणीखाली, खुरांच्या बेचक्यात रुतलेली कुसळं मी चिमट्यानं काढलेली आहेत. डोळ्यात गेलेलं वेळेवर निघालं नाही तर बुबुळावर फूल पडतं.

गवताला कुसळं धरली, बाजरी निघाली, की दसरा-दिवाळीच्या सुमारास वाडे पश्चिमेला निघतात. घाट उतरून मावळात, कोकणात जातात, भाताच्या मोकळ्या खाचरांत मेंढरं बसवतात. लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी धान्य नाही तर पैसे देतो. पाऊस तोंडावर आला की परत. म्हणजे ज्येष्ठ ते आश्विन हे चार-पाच महिने मेंढरं इथे असतात, आणि नेमक्या त्याच महिन्यांत गावातलं प्रत्येक वावर पेरलेलं असतं. बांधावरसुद्धा कोणी फिरकू देत नाही. तेव्हा चरायला जागा उरते ती एकच, गायरान. आणि झाडं लावली की चराईबंदी येते तीही जुलैपासूनच. इतकी साधी गोष्ट आहे ही, पण खड्ड्यांचा नकाशा करताना कोणाच्या ध्यानात येत नाही.

‘पूर्वी इथे घनदाट जंगल होतं, मेंढरांनी खाऊन माळ केला’, असं गावात शिकलेली माणसंही म्हणतात. मला हे पटत नाही, आणि त्याला कारणं आहेत. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८पासून पुढे बारा-पंधरा वर्षं तिथे खोदकाम केलं. साधारण इसवी सनपूर्व १६०० ते ७०० या काळातली वस्ती सापडली. ते लोक जव पिकवत, गुरं आणि शेळ्यामेंढ्या पाळत. आणि शेवटच्या टप्प्यात हवामान कोरडं होत गेलं तसा त्यांचा शेतीवरचा भर कमी होऊन जनावरांवरचा वाढला, असं उत्खनन करणाऱ्यांनी मांडलं आहे. तीन हजार वर्षांपूर्वी या भागात दुष्काळ पडला की माणूस कळपाच्या मागे जात होता! हे वाचलं तेव्हा मला आमच्या वाड्यांवरची माणसं आठवली. १९७२ला तरी त्यांच्या आज्यांनी दुसरं काय केलं होतं?

जुन्या देवळांच्या आवारात वीरगळ असतात, त्यातले कित्येक गुरांसाठी मेलेल्या वीरांचे. खालच्या चौकटीत गाई कोरलेल्या, मधे लढाई, वर स्वर्ग. चराऊ रान आणि त्यावरचा कळप ही जिवावर उदार होऊन राखण्याची संपत्ती होती, एवढं त्या दगडावरून कळतं. जेजुरीला गेलात तर पायऱ्या चढताना वाटेत बाणाईचं देऊळ लागतं. ती धनगराची लेक. तिच्यासाठी खंडोबानं धनगराघरी चाकरी केली, मेंढरं राखली, अशी कथा वाघ्या-मुरळी रात्रभर गातात. झाडांनी गच्च भरलेल्या मुलखात देवाला मेंढरं राखायला लावणारी गोष्ट जन्मली नसती. अलीकडे, २०२५ साली, संशोधकांनी तेराव्या शतकापासूनच्या मराठी ओव्या, चरित्रं, माहात्म्यं तपासून त्यांत कोणती रानझाडं येतात ते पाहिलं. त्यातली बहुसंख्य निघाली उघड्या माळावरची, काटेरी. आपल्या ओळखीच्या हिवर-बाभळींसारखी. मला त्यात नवल वाटलं नाही, पण कागदावर आलं याचा आनंद फार झाला.

माळाची खरी पंचाईत सुरू झाली ती इंग्रजांच्या जमीनमोजणीपासून. आणि ती मोजणी सुरू झाली आमच्याच इंदापूर तालुक्यात. त्याआधी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं बसवलेला शेतसारा इतका जड झाला होता की लोक जमिनी टाकून निघून गेले. मग १८३५-३६मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापुरात नव्यानं मोजणी केली आणि तीच पद्धत पुढे सगळ्या मुंबई इलाख्यात गेली. आज सातबाऱ्यावर जो गट नंबर आपण बघतो, त्याच्या आधीचा सर्व्हे नंबर त्या कामातून आला. साखळी टाकायची, दगड रोवायचे, मातीची खोली आणि पोत पाहून आणे ठरवायचे. खोल काळी जमीन सोळा आणे. माती उथळ होत गेली की आणे उतरत जायचे. माळ त्या मापात शेवटाला गेला. गवताला, मेंढराला, पावसाचं पाणी थोपवणाऱ्या मुळांना आणे लावायची सोयच त्यात नव्हती. साऱ्यासाठी केलेल्या मोजणीकडून ती अपेक्षाही नाही. माझी तक्रार आहे ती आपण आजही त्याच मापानं जमीन बघतो याबद्दल.

नवा सारा हलका होता, म्हणून पिकाखालची जमीन वाढत गेली. १८६०नंतर अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, इकडे कापसाला सोन्याचा भाव आला, आणि जिथे कधी नांगर लागला नव्हता अशी चराऊ रानंही फाळाखाली गेली. युद्ध थांबलं, भाव कोसळले. साऱ्याची तीस वर्षांची मुदत संपून १८६७ला इंदापुरात फेरआकारणी झाली ती पन्नास टक्क्यांहून जास्त वाढवून. पुढचं सगळ्यांना शाळेत शिकवलेलं असतं: १२ मे १८७५ रोजी सुप्यात बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या दुकानांवर गेले, कर्जाची खतं जाळली, आणि दख्खनच्या दंग्यांना तोंड फुटलं. सुपे आमच्यापासून लांब नाही. शहाजीराजांच्या जहागिरीतलं, पुणे आणि सुपे असं जोडीनं म्हटलं जाणारं ते गाव. आज लोक तिथे जातात ते चिंकारा बघायला. १९९७ साली तिथल्या ५.१४ चौरस किलोमीटर माळाला मयुरेश्वर अभयारण्य म्हणून संरक्षण मिळालं. कर्जरोखे जाळणाऱ्यांच्या पणतवंडांच्या शिवारात हरणं तरली, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

गायरान कायद्यात आलं ते १८७९च्या मुंबई जमीन महसूल कायद्यानं: गावच्या गुरांना फुकट चराईसाठी सरकारी जमीन राखून ठेवता येईल. स्वातंत्र्यानंतर १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत तीच तरतूद कलम २२मध्ये कायम राहिली. मालकी सरकारची, वहिवाट गावाची. पण गाव म्हणजे कोण, हा प्रश्न उरलाच. ज्याच्याकडे दावणीला आठ म्हशी त्याच्यासाठी गायरान, आणि ज्याच्याकडे वीतभर रान नाही त्यानं काय करायचं? दादासाहेब गायकवाडांनी १९५९ला आणि पुन्हा १९६४ला भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला, हजारो माणसं तुरुंगात गेली, तेव्हा मागणी हीच होती की पडीक सरकारी जमीन कसायला द्या. मराठवाड्यात दलित कुटुंबांनी गायरानं फोडून पोटापुरती ज्वारी पिकवली, त्यासाठी मारही खाल्ला. माळावर माझा कितीही जीव असला तरी त्या लोकांना मी अतिक्रमण करणारे म्हणणार नाही. भुकेनं कसलेली दोन एकरं वेगळी, आणि पत्र्याचं कुंपण घालून गिळलेली वीस एकरं वेगळी. २०११च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं गावांच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितली, तेव्हाही भूमिहीन आणि अनुसूचित जातीजमातींना दिलेल्या जमिनींना अपवाद ठेवायची मुभा होती. प्रत्यक्षात नोटिशी आधी कोणाच्या दारावर चिकटतात, ते गावात राहणाऱ्याला सांगायला नको.

आता नवी मागणी सौर पॅनेलची आहे. दिवसा वीज मिळावी म्हणून शेतकरी किती वर्षं रडतोय, ते मी बघितलंय, त्यामुळे योजनेला नावं ठेवत नाही. पण जागा शोधताना प्रत्येक वेळी बोट गायरानावरच का पडतं? कालव्यावर, गोदामांच्या पत्र्यांवर, शाळांच्या स्लॅबवर आधी पडू दे की.

लांडग्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडचा लांडगा जंगलातला नाही, माळावरचा आहे. बहुतेक लांडगे अभयारण्याच्या बाहेर, आपल्यासारख्यांच्या शिवारातच जगतात. हिवाळ्यात मादी ओघळीच्या काठावर बीळ करते, पिल्लं घालते. धनगराचं कोकरू तो नेतो. नुकसान खरं आहे, भरपाईच्या पंचनाम्याचे कागद मी स्वतः भरते. तरीही वाड्यावरचे एक म्हातारे तात्या मला म्हणाले होते, “मॅडम, त्योबी मेंढरावरच जगतुया, आन आमीबी. त्येला हाकलून लावायचा, मारायचा न्हाय.” सगळेच असं म्हणत नाहीत. पण मला लांडग्यासाठी काळजी वाटते ती धनगराच्या काठीची नाही, मोकाट कुत्र्यांची. रस्त्याकडेला टाकलेल्या कोंबड्यांच्या आतड्यांवर त्यांच्या टोळ्या पोसतात. त्या टोळ्यांतून रेबीज आणि डिस्टेंपर हा कुत्र्यांचा दुसरा जीवघेणा रोग माळावर पोचतो. शिवाय पुणे परिसरात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून सिद्ध झालेलं आहे. माळ तुकड्या-तुकड्यांत उरला, लांडग्याला जोडीदार मिळेना, की असं होतं. कुत्र्यांचं लसीकरण आणि निर्बीजीकरण हे माळ वाचवायचं काम आहे, हे मी प्रत्येक बैठकीत बोलते.

मागे एका योजनेत आमच्या गायरानाच्या एका अंगाला गिरीपुष्प (ग्लिरिसिडिया) हे बाहेरदेशचं झाड लावलं होतं. ते जगलं, कारण ते कुठेही जगतं. त्याच्या दाट सावलीत गवत विरळ झालं. आमच्या मेंढरांना त्याच्या पाल्याचा वास सोसत नाही, ती तोंड लावत नाहीत. हिवाळ्यात भोवत्ये (हॅरियर) हे शिकारी पक्षी मध्य आशियातून इथे येतात, दिवसभर नाकतोडे पकडतात आणि रात्री उंच गवतात जमिनीवरच मुक्काम करतात. त्या अंगाला ते आता उतरत नाहीत. जुन्या चरांच्या कडेला कुसळी तेवढी उरली आहे. शेजारच्या न लावलेल्या भागात मात्र भाद्रपदात गुडघ्यापर्यंत पवन्या असतो, त्यात खरपुडीचे वेल, माकडशिंगाची जांभळी फुलं, आणि डोंबारी चंडोल उंच जाऊन शीळ घालत खाली सूर मारतात. पाऊसही तिथेच मुरतो. गवताच्या मुळांचं जाळं वीतभर मातीला धरून ठेवतं आणि पाणी सावकाश खालच्या विहिरींकडे सोडतं. आमच्या खालच्या आळीतल्या विहिरी कोणत्या भागाच्या पाण्यावर आहेत, हे विहिरीवाल्यांना विचारा.

झाडं लावायला माझा विरोध नाही. गावठाणात, शाळेभोवती, रस्त्याच्या दोन्ही अंगांना आणि ओढ्याच्या काठाला वड, लिंब, चिंच लावा. खड्डे घ्यायला मी स्वतः येते. गायरानावर मला एवढंच हवं आहे: असलेले हिवर आणि बोरी राहू द्याव्यात, गिरीपुष्प टप्प्याटप्प्यानं काढावं, आणि माळाचे चार भाग करून दर वर्षी एक भाग पावसाळाभर चराईला बंद ठेवावा, म्हणजे पवन्या-मारवेलाचं बी गळून पडेपर्यंत त्याला उसंत मिळेल. कोणता भाग बंद ठेवायचा ते मेंढपाळांनी ठरवावं, त्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

आणि इथेच गाडी अडते. वृक्षलागवडीचा ठराव झाला १ मेच्या ग्रामसभेत. तेव्हा वाडे घाटाखाली नाहीतर परतीच्या वाटेवर असतात. २६ जानेवारीच्या सभेलाही ते कोकणातच असतात. म्हणजे ज्यांचं पोट त्या माळावर आहे, ती माणसं वर्षातल्या दोन सभांना गावातच नसतात, आणि नेमके तेव्हाच माळाचे ठराव होतात. विषय फेरविचारासाठी १५ ऑगस्टच्या सभेत घ्यावा, असा अर्ज मी दिला आहे. त्यावर वाड्यांवरच्या बाया-माणसांच्या सह्या आणि अंगठे आहेत. त्या दिवशी सगळे वाडे गायरानावर असतील, आणि चावडीपर्यंत यायला त्यांना फार तर अर्धा तास लागतो.